शाळा आणि शिखरे

एखाद्या शाळेचे यश मोजावयाचे झाले, तर सामान्यतः दोन मापे वापरली जातात. पहिले माप परीक्षेच्या निकालाचे आणि दुसरे माप नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या यादीचे. दोन्ही मापे सोयीची आहेत, पण दोन्ही अपुरी आहेत. चांगल्या निकालात शाळेचा वाटा किती आणि विद्यार्थ्याच्या घरच्या परिस्थितीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. नामवंतांच्या यादीबाबत तर ही अडचण अधिकच आहे. अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविले. ते काही काळ देहरादूनच्या दून स्कूलमध्ये होते आणि नंतर चंदीगडच्या शाळेत गेले. त्यांच्या पदकाचे श्रेय या दोहोंपैकी कोणत्या शाळेला द्यावे? खरे पाहता ते त्यांच्या स्वतःच्या अनेक वर्षांच्या सरावाला, त्यांच्या प्रशिक्षकांना व कुटुंबाला दिले पाहिजे.

या दोन मापांखेरीज तिसरेही एक माप आहे. शाळेने अभ्यासक्रमाबाहेर जे उपक्रम चालविले, त्यांतून विद्यार्थ्यांना नेमके काय मिळाले आणि शाळेच्या कुंपणाबाहेर त्याचा कोणाला उपयोग झाला, हे ते माप होय. ते लावून पाहणे कठीण असते, कारण असे परिणाम दिसून येण्यास पाचपन्नास वर्षे लागतात. दून स्कूलमधील गिर्यारोहणाच्या उपक्रमाबाबत मात्र तेवढा काळ आता लोटून गेला आहे. म्हणून तेच उदाहरण येथे जरा तपशिलाने पाहावयाचे आहे.

शाळेची स्थापना

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. अशा शाळांना आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात. या नावामुळे त्या सार्वजनिक किंवा सरकारी असाव्यात, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती उलट आहे. इंग्लंडमध्ये ज्या जुन्या निवासी शाळा शासनापासून स्वतंत्र राहून, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर आणि देणग्यांवर चालतात, त्यांना परंपरेने हे नाव पडले. तेच नाव भारतात आले. अशा शाळेचा कारभार विश्वस्त मंडळ पाहते. कोणते उपक्रम हाती घ्यावेत आणि त्यांना किती वेळ द्यावा, याचे स्वातंत्र्य शाळेकडे असते.

भारतीय मुलांसाठी अशी एक शाळा असावी, ही कल्पना कलकत्त्याचे बॅरिस्टर सतीश रंजन दास यांची. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे विधी सदस्य होते. सर्व प्रांतांतील व सर्व धर्मांतील मुले जेथे एकत्र राहतील आणि शिकतील, अशी शाळा त्यांना हवी होती. त्यासाठी त्यांनी एक संस्था स्थापन केली आणि निधी जमविण्यास प्रारंभ केला. १९२८ साली त्यांचे निधन झाले. त्यामुळे प्रत्यक्ष शाळा त्यांना पाहावयास मिळाली नाही. देहरादून येथे चांदबाग नावाच्या विस्तीर्ण आवारात पूर्वी वन संशोधन संस्था होती. ती नव्या वास्तूत गेल्यावर हे आवार शाळेला मिळाले आणि सप्टेंबर १९३५ मध्ये सुमारे ७० मुलांनिशी दून स्कूल सुरू झाले. इंग्लंडमधील ईटन शाळेत विज्ञान शिकविणारे आर्थर फूट हे पहिले मुख्याध्यापक झाले.

ऑक्टोबर १९३५ मध्ये शाळेचे औपचारिक उद्घाटन झाले. त्या प्रसंगी फूट यांनी शाळेचे ध्येय सांगितले. येथून बाहेर पडणारी मुले समाजातील वरिष्ठ वर्गात मोडतील हे त्यांनी नाकारले नाही. तथापि ते वरिष्ठपण संपत्तीचे, पदाचे किंवा विशेषाधिकारांचे नसावे, निःस्वार्थ सेवेचे असावे, असे त्यांनी बजावले. हे विधान पुढील विवेचनात आपल्याला उपयोगी पडेल. शाळेने स्वतःच स्वतःसाठी एक कसोटी ठरवून दिली होती.

तासांपलीकडचे शिक्षण

निवासी शाळेत मुलांचा चोवीस तासांचा दिवस शाळेच्या हाती असतो. तो केवळ तासांनी आणि अभ्यासाने भरून काढता येत नाही. त्यामुळे अशा शाळांत खेळ, हस्तकला, संगीत, नाट्य, वादविवाद आणि श्रमकार्य यांना वेळापत्रकात जागा द्यावीच लागते. प्रश्न असतो तो हा वेळ कसा वापरला जातो याचा. दून स्कूलच्या प्रारंभीच्या वर्षांतील दोन उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण चित्रकलेचे. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार व शिल्पकार सुधीर खास्तगीर १९३६ साली शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि सुमारे वीस वर्षे तेथे राहिले. ते स्वतः सतत काम करणारे कलावंत होते. मुले चित्रे काढत तेव्हा त्यांचे शिक्षकही त्यांच्या शेजारी स्वतःच्या चित्रावर किंवा शिल्पावर काम करीत असत. कला हा एक गंभीर उद्योग आहे, तो प्रौढ माणसेही करतात, हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

दुसरे उदाहरण ‘दून स्कूल वीकली’ या साप्ताहिकाचे. ते १९३६ साली सुरू झाले आणि मुलेच त्याचे संपादन करीत आली आहेत. पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्धी पावलेले विक्रम सेठ या साप्ताहिकाचे संपादक होते. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी त्यात लेखन केले, शिवाय अमिताव घोष यांच्यासमवेत ‘हिस्टरी टाइम्स’ नावाचे एक नियतकालिकही चालविले. दर आठवड्याला ठरावीक दिवशी अंक काढावयाचा, त्यातील चुकांची जबाबदारी घ्यावयाची आणि आपल्याच सोबत्यांची टीका ऐकून घ्यावयाची, ही लेखनाची फार चांगली तालीम असते. अर्थात त्या साप्ताहिकात लिहिणारी शेकडो मुले लेखक झाली नाहीत, व्हावीत अशी अपेक्षाही नव्हती. परंतु नेमके व स्पष्ट लिहिणे ही कोणत्याही व्यवसायात उपयोगी पडणारी गोष्ट आहे.

तिसरा उपक्रम पर्वतभ्रमणाचा. देहरादून हे समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, शिवालिक टेकड्या आणि हिमालयाची पहिली रांग यांच्यामधील खोऱ्यात वसलेले आहे. मसुरीच्या डोंगरावर चढून गेले की स्वच्छ हवेत उत्तरेस गढवालच्या हिमशिखरांची रांग दिसते. सत्राच्या मध्यावर काही दिवसांची सुट्टी देऊन मुलांना लहान लहान तुकड्यांनी डोंगरांत पाठविण्याची प्रथा शाळेने पाडली. कोणत्या मार्गाने जावयाचे, मुक्काम कोठे करावयाचा, शिधा किती घ्यावयाचा, ठरवून दिलेल्या पैशांत हे सर्व कसे बसवावयाचे, हे मुलांनीच ठरवावे अशी अपेक्षा असे. मोठ्या मुलांच्या तुकड्या पुष्कळदा शिक्षकांविनाही जात. नकाशा वाचणे, ओल्या लाकडांवर चूल पेटविणे, सर्वांत मागे पडणाऱ्या सोबत्याच्या चालीने चालणे, या गोष्टी या भटकंतीत शिकावयास मिळत. पुढे जे घडले त्याची मुळे या साध्या सहलींत आहेत.

शिक्षकांचा छंद

शाळेत गिर्यारोहण आले ते अभ्यासक्रमाच्या एखाद्या योजनेतून आले नाही. काही शिक्षकांना पर्वतांचे वेड होते आणि त्या वेडात त्यांनी मुलांना सामील करून घेतले. जॉन मार्टिन हे पहिल्या वर्षापासूनचे शिक्षक. फूट यांच्यानंतर १९४८ साली तेच मुख्याध्यापक झाले. जॅक गिब्सन १९३७ साली आले. त्याच वर्षी त्यांनी बंदरपूंछ या शिखराकडे मोहीम काढली. आर. एल. होल्ड्सवर्थ नंतर काही वर्षांनी आले. ते मात्र गिर्यारोहक म्हणून आधीच नावाजलेले होते. १९३१ साली फ्रँक स्माइथ यांच्या नेतृत्वाखाली ज्या तुकडीने ७,७५६ मीटर उंचीचे कामेट शिखर प्रथम सर केले, तिच्यात होल्ड्सवर्थ होते आणि ते स्वतः माथ्यावर पोहोचले होते. माथ्यावर त्यांनी चिलीम ओढली, ही हकीकत गिर्यारोहकांत पुढे पुष्कळ वर्षे सांगितली जाई.

त्याच मोहिमेहून परतताना स्माइथ व होल्ड्सवर्थ पावसात आडवाटेने भ्यूंदार खोऱ्यात उतरले आणि फुलांनी भरलेल्या त्या कुरणांत त्यांनी मुक्काम केला. हेच आज ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ या नावाने जगप्रसिद्ध झाले आहे. १९८२ साली त्या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. होल्ड्सवर्थ यांना हिमालयातील वनस्पतींविषयी अतिशय आस्था होती. त्यांच्या सहवासातील मुलांना व तरुण सहकाऱ्यांना शिखरांइतकीच वाटेवरच्या फुलांची आणि पक्ष्यांची ओढ लागली, यात नवल नाही.

अशा तरुण सहकाऱ्यांपैकी एक म्हणजे गुरदयाल सिंग. ते १९४० च्या दशकाच्या मध्यास भूगोलाचे शिक्षक म्हणून शाळेत आले. तोपर्यंत त्यांना गिर्यारोहण माहीत नव्हते. ते त्यांनी येथे, गिब्सन व होल्ड्सवर्थ यांच्या सोबत हिंडून शिकून घेतले. शाळेच्या उपक्रमांचा विचार करताना आपण केवळ विद्यार्थ्यांकडे पाहतो. चांगल्या उपक्रमातून शिक्षकही घडतात, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

बंदरपूंछ

बंदरपूंछ हे शिखर यमुनोत्रीच्या परिसरात असून त्याची उंची ६,३१६ मीटर आहे. लंकादहनानंतर हनुमंताने आपले पेटलेले शेपूट येथील बर्फात विझविले, अशी कथा त्या भागात सांगतात, त्यावरून हे नाव पडले. मसुरीवरून ते दिसते. शाळेच्या दृष्टीने ते जणू घरासमोरचे शिखर होते. तरीही ते सर होण्यास तेरा वर्षे लागली.

१९३७ सालच्या मोहिमेत गिब्सन यांच्यासोबत एक तरुण शेर्पा होता. त्याचे नाव तेनसिंग. तेव्हा त्याचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक नव्हते. ती मोहीम माथ्यापर्यंत पोहोचली नाही. १९४६ साली दुसरा प्रयत्न झाला. या वेळी गिब्सन, होल्ड्सवर्थ व तेनसिंग यांच्याबरोबर नरेंद्रधर ऊर्फ नंदू जयाल हा शाळेचा माजी विद्यार्थी होता. बिघडलेल्या हवामानामुळे त्यांनाही परतावे लागले.

उंच पर्वतावर माघार घेणे याला केवढे महत्त्व आहे, हे समजण्यासाठी तेथील परिस्थिती थोडी समजून घेतली पाहिजे. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीच्या मानाने निम्मा उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला मिळणारा प्राणवायूही तेवढाच घटतो. शरीर या स्थितीशी जुळवून घेऊ शकते, पण त्याला वेळ लागतो. म्हणून गिर्यारोहक टप्प्याटप्प्याने चढतात, वरच्या तळावर सामान पोहोचवून झोपण्यासाठी खाली उतरतात आणि पुन्हा वर जातात. ही घाई केल्यास डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश होतो आणि प्रसंगी फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचून मृत्यू ओढवतो. शिवाय विरळ हवेत विचारशक्ती मंदावते. योग्य निर्णयाची सर्वाधिक गरज असते नेमकी तेव्हाच बुद्धी कमी चालते. अशा वेळी माथा समोर दिसत असताना परत फिरणे ही मोठी शिस्त आहे. ती एका दिवसात अंगी बाणत नाही. दोन वेळा माघार घेणारे शिक्षक पाहिल्याने मुलांना हे शिक्षण मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९५० साली गिब्सन यांनी पुन्हा मोहीम नेली आणि या वेळी शिखर सर झाले. तथापि माथ्यावर पोहोचलेल्या तिघांत दून स्कूलचा शिक्षक किंवा विद्यार्थी कोणीही नव्हता. ते तिघे होते तेनसिंग, किन चोक त्सेरिंग हे शेर्पा आणि सैन्यातील सार्जंट रॉय ग्रीनवुड. गिर्यारोहकांच्या वर्तुळात बंदरपूंछ ‘दून स्कूलचे शिखर’ म्हणून ओळखले जाऊ लागले होते. पण त्यावर पहिले पाऊल कोणाचे पडले, हे विसरून चालणार नाही. शाळेच्या यशाचा हिशेब करताना ही नोंद पुन्हा काढावी लागेल.

त्रिशूल, १९५१

पुढील वर्षी, १९५१ साली, गुरदयाल सिंग यांनी त्रिशूल शिखराकडे एक छोटी मोहीम नेली. गढवाल आणि कुमाऊँ यांच्या सीमेवरील हे शिखर ७,१२० मीटर उंच आहे. ते प्रथम १९०७ साली टॉम लाँगस्टाफ व त्यांच्या सोबत्यांनी सर केले होते. त्यामुळे या चढाईत नवे शिखर जिंकण्याचा प्रश्न नव्हता. नवेपण होते ते दुसऱ्या बाबतीत. तोपर्यंत हिमालयातील बहुतेक मोठ्या मोहिमा युरोपीय लोक काढीत आणि भारतीय माणसे त्यांत भारवाहक म्हणून, स्वयंपाकी म्हणून किंवा संपर्क अधिकारी म्हणून असत. या मोहिमेची कल्पना, आखणी व नेतृत्व भारतीय माणसाचे होते.

तुकडीत गुरदयाल सिंग, ग्रीनवुड, शाळेचे माजी विद्यार्थी व हवाई दलातील अधिकारी नलिनीधर जयाल आणि सुरेंद्र लाल एवढेच सदस्य होते. त्यांच्या सोबत शेर्पा होते. २३ जून १९५१ रोजी गुरदयाल सिंग, ग्रीनवुड आणि अनुभवी शेर्पा दावा थोंडुप माथ्यावर पोहोचले. तेथे गुरदयाल सिंग यांनी शीर्षासन केले. ही गोष्ट गमतीने सांगितली जाते. पण ज्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो, तेथे तसे करता येणे म्हणजे शरीराने त्या उंचीशी चांगले जुळवून घेतल्याची खूणच होय.

भारतीय गिर्यारोहणाचा प्रारंभ या चढाईपासून मानण्याचा प्रघात आहे. एका शाळेतील भूगोलाच्या शिक्षकाने आपल्या सुट्टीत, थोड्या खर्चात आणि थोड्या साथीदारांनिशी हे केले. गुरदयाल सिंग यांनी त्यानंतरही अध्यापन सोडले नाही. मोहिमांवरून परतल्यावर ते वर्गात भूगोल शिकवीत राहिले. १९६५ साली कॅप्टन एम. एस. कोहली यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मोहिमेने एव्हरेस्टवर चार तुकड्यांत नऊ गिर्यारोहक पोहोचविले, तेव्हा त्या मोहिमेतही ते होते. ते स्वतः माथ्यावर गेले नाहीत. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मे २०२३ मध्ये, वयाची नव्व्याण्णव वर्षे पूर्ण करून ते निवर्तले.

विद्यार्थी ते प्राचार्य

आता विद्यार्थ्यांकडे वळू. नंदू जयाल शाळेतून बाहेर पडून सैन्याच्या अभियंता दलात, बंगाल सॅपर्समध्ये, अधिकारी झाले. शाळेत लागलेली पर्वतांची ओढ त्यांनी तेथेही टिकविली आणि सैनिकांच्या तुकड्या घेऊन ते हिमालयात जाऊ लागले. १९५५ साली त्यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेने कामेट सर केले. चोवीस वर्षांपूर्वी ज्या शिखरावर त्यांचे शिक्षक होल्ड्सवर्थ गेले होते, तेच हे शिखर.

त्यांचे अधिक मोलाचे कार्य मात्र निराळे आहे. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग व एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले आणि भारतात गिर्यारोहणाविषयी एकाएकी उत्साहाची लाट आली. या उत्साहाला शिक्षणाचे रूप द्यावे, या हेतूने पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या प्रोत्साहनाने ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिचे पहिले प्राचार्य म्हणून मेजर नंदू जयाल यांची नेमणूक झाली. क्षेत्रीय प्रशिक्षणाचे प्रमुख होते तेनसिंग. बंदरपूंछच्या उतारावर १९४६ साली एकत्र माघार घेतलेले दोघे आठ वर्षांनी देशातील तरुणांना चढाई शिकविण्यासाठी एकत्र आले.

संस्थेत दोर बांधणे, हिमकुऱ्हाड वापरणे, बर्फात पायऱ्या कोरणे, हिमनदीतील भेगा ओळखणे, घसरणाऱ्या सोबत्याला दोराने धरून ठेवणे, या गोष्टी पद्धतशीर शिकविल्या जाऊ लागल्या. जे ज्ञान पूर्वी मोहिमांत राबून किंवा एखाद्या जाणत्या शिक्षकाच्या सहवासातच मिळत असे, ते आता वर्गात प्रवेश घेणाऱ्या कोणालाही मिळू लागले.

जयाल यांचा शेवट अकाली झाला. १९५८ साली चो ओयू या ८,००० मीटरहून उंच शिखरावर पहिली भारतीय मोहीम गेली. मुंबईचे केकी बुनशा तिचे नेते होते. शिखर सर झाले, पण त्यापूर्वीच मेजर जयाल उंचीवर आजारी पडून मरण पावले. त्यांचे वय एकतीसही नव्हते. ज्या उपक्रमाची आपण स्तुती करीत आहोत, त्याची ही किंमतही वाचकाच्या डोळ्यांपुढे असली पाहिजे. पर्वताचा अनुभव कितीही असला तरी उंचीचे नियम कोणासाठी बदलत नाहीत. मुलांना डोंगरात नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगे असे जे काही आहे, त्यात याचा क्रमांक पहिला लागेल.

यशाचा हिशेब

फूट यांनी १९३५ साली सांगितलेली कसोटी आता लावून पाहू. शाळा मुलांचीच होती. तिचे शुल्क बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे होते व आजही आहे. काही शिष्यवृत्त्या असल्या तरी हे मूळ स्वरूप बदलत नाही. गिब्सन व होल्ड्सवर्थ यांच्यासारखे शिक्षक, सुट्टीत मोहिमेवर जाण्याची मुभा, तंबू व बूट घेण्याची ऐपत, या साऱ्या सुविधा अगदी थोड्या मुलांच्या वाट्याला आल्या. एवढेच घडले असते, तर ही एका सधन वर्गाच्या छंदाची कथा ठरली असती.

शिवाय या कथेत ज्यांचे ऋण सर्वांत मोठे, ते शाळेचे कोणी नव्हते. तेनसिंग, किन चोक त्सेरिंग, दावा थोंडुप यांना कोणत्याही निवासी शाळेत शिकण्याची संधी मिळाली नव्हती. तेनसिंग यांना लिहिता-वाचता येत नसे. तरीही उंचावरच्या वाटा, हवामानाची लक्षणे आणि बर्फाचे स्वभाव यांबाबतीत शिक्षक व विद्यार्थी या दोघांचे गुरू तेच होते. शाळेच्या इतिहासात ‘आम्ही शिखर सर केले’ असे वाक्य लिहिताना त्या ‘आम्ही’मध्ये या माणसांचा समावेश केला पाहिजे. दार्जिलिंगच्या संस्थेने तो काही अंशी केला. तेनसिंग यांच्याप्रमाणेच त्यांचे भाचे नवांग गोंबू व इतर शेर्पा तेथे प्रशिक्षक म्हणून सन्मानाने नेमले गेले. गोंबू यांनी १९६३ व १९६५ अशी दोन वेळा एव्हरेस्टवर चढाई केली आणि दोनदा तेथे जाणारे ते जगातील पहिले ठरले.

हिशेबाची दुसरी बाजू अशी की, छंद संस्थेत रूपांतरित झाला आणि संस्था सर्वांसाठी खुली राहिली. दार्जिलिंगच्या पाठोपाठ १९६५ साली उत्तरकाशी येथे नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग स्थापन झाली. बंदरपूंछच्याच जिल्ह्यात ती आहे. उत्तरकाशीजवळच्या नाकुरी या खेड्यात, सामान्य परिस्थितीतील कुटुंबात जन्मलेली बचेंद्री पाल ही मुलगी गावाकडच्या शाळेत शिकली. बारा वर्षांची असताना शाळेच्या सहलीत ती सुमारे ४,००० मीटर उंचीपर्यंत चढून गेली होती. पुढे शिक्षण पूर्ण केल्यावर तिने उत्तरकाशीच्या संस्थेत प्रशिक्षण घेतले आणि २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. तिचे यश दून स्कूलचे नव्हे, तसा दावाही कोणी करू नये. पण ज्या प्रशिक्षणव्यवस्थेमुळे खेड्यातील मुलीला ही वाट मोकळी झाली, तिचा पाया घालणाऱ्यांत त्या शाळेतील एक विद्यार्थी होता आणि त्याला पर्वताची गोडी शाळेच्या शिक्षकांनी लावली होती. सेवेची कसोटी जेथे उतरली असे म्हणता येईल, ते स्थळ हे आहे.

नलिनीधर जयाल यांचेही उदाहरण येथे आठवते. त्रिशूलच्या मोहिमेतील हा तरुण हवाई अधिकारी पुढे प्रशासकीय सेवेत गेला आणि हिमालयातील पर्यावरणाच्या रक्षणासाठी झटला. ज्या रम्य प्रदेशातून ते त्रिशूलकडे गेले होते, तो नंदादेवीचा परिसर १९८० च्या दशकाच्या प्रारंभी गिर्यारोहकांसाठी बंद करण्यात आला, कारण माणसांच्या वर्दळीने तेथील वनस्पती व प्राणिजीवन धोक्यात आले होते. पर्वतावर प्रेम करणे म्हणजे प्रसंगी त्यापासून दूर राहणे, हाही या शिक्षणाचाच एक धडा म्हणावा लागेल.

इतर शाळांनी यातून काय घ्यावे?

प्रत्येक शाळेजवळ हिमालय नसतो आणि प्रत्येक शाळेजवळ पैसाही नसतो. तथापि या उदाहरणातील ज्या गोष्टी खरोखर परिणामकारक ठरल्या, त्या खर्चिक नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे शिक्षकाला स्वतःला एखाद्या विषयाची मनापासून आवड असणे आणि ती मुलांसमवेत जोपासण्याची मोकळीक त्याला मिळणे. तो विषय पक्षिनिरीक्षणाचा असेल, गावाच्या इतिहासाचा असेल किंवा नाटकाचा असेल. वरून आलेल्या परिपत्रकाने उपक्रम सुरू करता येतो, पण त्यात जीव येतो तो अशा शिक्षकामुळेच.

दुसरी गोष्ट सातत्य. बंदरपूंछसाठी तेरा वर्षे लागली. वार्षिक स्नेहसंमेलनात दाखविण्यासाठी हाती घेतलेला आणि संमेलन संपताच गुंडाळलेला उपक्रम मुलांना फारसे काही देऊन जात नाही. तिसरी गोष्ट जबाबदारी. शिधा मोजून घेणारा, अंकाची मुद्रिते तपासणारा, तुकडीतील सर्वांत अशक्त सोबत्याची काळजी घेणारा विद्यार्थी जे शिकतो, ते केवळ प्रेक्षक म्हणून बसलेला विद्यार्थी शिकत नाही. चौथी गोष्ट अपयशाला जागा असणे. जेथे प्रत्येक स्पर्धेतून ढाल आणलीच पाहिजे असा दंडक असतो, तेथे माघार घेण्याचे शहाणपण मुलांना कोण शिकविणार?

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक शाळा तिच्याकडे दुर्लक्ष करतात. आपल्याजवळ जे आहे ते कुंपणाबाहेर कसे जाईल, याचा विचार. सधन शाळेची प्रयोगशाळा शेजारच्या गावातील मुलांना आठवड्यातून एक दिवस उघडी करता येते. तिचे ग्रंथालय, तिचे मैदान, तिच्यातील जाणता शिक्षक यांचा लाभ इतरांनाही मिळू शकतो. शाळेच्या दर्शनी दालनातील ढाली व चषक काही वर्षांनी काळे पडतात आणि त्यांवर कोरलेली नावे कोणी वाचत नाही. एखाद्या शाळेत लागलेली गोडी दुसऱ्या कोणाच्या मुलामुलींपर्यंत पोहोचली की नाही, एवढे पाहिले तरी शाळेचे खरे यश कितपत आहे हे कळून येते.